गाल बसले, साखर वाढली : लिपोडिस्ट्रॉफी समजून घेऊ या

'चरबी' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरला जातो. कुणी उर्मट बोलला की "लई चरबी चढली याला" असे आपण म्हणतो. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर सांगतात, चरबी कमी करा, तेलकट बंद करा, चाला. हे सगळे ऐकून चरबी म्हणजे अंगावरचे फुकटचे ओझे, जितकी कमी तितकी बरी, असा समज पक्का झाला आहे. आज ज्या आजाराची माहिती घ्यायची आहे तो या समजाला पार उलटा करतो. या आजारात अंगावरची चरबी नाहीशी होते, आणि माणूस सडसडीत, निरोगी होण्याऐवजी त्याला साखर होते, लिव्हर सुजते, रक्त दुधासारखे दाट होते.

आजाराचे नाव लिपोडिस्ट्रॉफी. 'लिपो' म्हणजे चरबी आणि 'डिस्ट्रॉफी' म्हणजे नीट न पोसले जाणे. नाव जड आहे, पण त्याचे एक-दोन प्रकार आपल्या वस्तीतल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. फक्त त्याला काय म्हणतात हे कुणी सांगितले नव्हते.

पिंप नसलेले घर

आपल्या वस्तीत नळाला पहाटे तासभर पाणी येते. घरात पिंप असेल तर ते भरून ठेवतो आणि दिवसभर पुरवून पुरवून वापरतो. आता समजा, घरात पिंपच नाही, हंडाही नाही, आणि नळ मात्र बंद करता येत नाही. पाणी कुठे जाईल? जमिनीवर, अंथरुणात, धान्याच्या डब्यात. पाणी तेच, पण जे जगवते तेच घर नासवते.

शरीराचे असेच आहे. आपण जेवतो त्यातली जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. ती साठवायला कातडीखाली, मांड्यांवर, कुल्ल्यांवर, गालांत खास पेशी असतात. या चरबीपेशी म्हणजे आपली पिंपे. प्रत्येक पेशीत चरबीचा एक मोठा थेंब असतो. जेवण झाले की तो फुगतो, उपास पडला की आकसतो. ही पिंपेच नसतील तर चरबी रक्तात फिरत राहते, आणि जिथे तिची जागा नाही तिथे, म्हणजे लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसते. तिथे चरबी साचली की इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचत नाही. इन्सुलिन दार वाजवते, पण आतली कडी गंजलेली. साखर बाहेर रक्तातच तुंबते. म्हणून अंगावर चिमूटभर चरबी नसलेल्या माणसाला इतका कडक मधुमेह होऊ शकतो की इन्सुलिनचे शेकडो युनिट देऊनही आकडा खाली येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पिंप भरले की घरातले कुणीतरी ओरडते, "भरलं गं, नळ बंद कर!" चरबीपेशीही असा आवाज देतात. त्या लेप्टिन नावाचे एक संप्रेरक रक्तात सोडतात. ते मेंदूला सांगते की साठा पुरेसा आहे, आता भूक थांबव. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संप्रेरकाचा शोध लावला. तोवर चरबी म्हणजे नुसते गोदाम असे मानले जात होते. त्यानंतर ती एक अवयव आहे, हृदय किंवा मूत्रपिंडासारखीच कामाची आहे, हे मान्य झाले.

ज्याच्या अंगात चरबीच नाही, त्याच्याकडे आवाज देणारे कुणी नाही. मेंदूला वाटते घरात दाणा नाही. भूक थांबत नाही. पाच भाकरी खाऊन उठलेले पोर पुन्हा टोपलीत हात घालते. आणि त्याच्या अंगाला काही लागत नाही हे बघून घरचे लोक म्हणतात, जंत झाले, नजर लागली, कुणीतरी करणी केली.

उंदरांपासून माणसांपर्यंत

चरबी नसली की काय होते, हे शास्त्रज्ञांनी आधी उंदरांवर तपासले. १९९८ साली अमेरिकेत दोन ठिकाणी, डॅलसच्या प्रयोगशाळेत आणि बेथेस्डाच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत, जवळजवळ चरबी नसलेले उंदीर तयार केले गेले. दोन्हीकडचे उंदीर मधुमेही निघाले, त्यांची लिव्हर चरबीने फुगली. पुढच्याच वर्षी डॅलसच्या गटाने आपल्या उंदरांना लेप्टिन दिले आणि त्यांची साखर ताळ्यावर आली. बेथेस्डाच्या गटाने वेगळेच केले. त्यांनी निरोगी उंदराची चरबी काढून बिनचरबीच्या उंदराच्या कातडीखाली बसवली. मधुमेह हटला! चरबी घालून साखर बरी केली, हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे.

मग पाळी माणसांची आली. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नऊ स्त्री-रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यांना लिपोडिस्ट्रॉफी होती आणि रक्तात लेप्टिन फार कमी होते. चार महिने रोज लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर त्यांची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, ज्याला एचबीए१सी म्हणतात, सरासरी १.९ अंकांनी खाली आली. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी ६० टक्क्यांनी घटली. सुजलेली लिव्हर २८ टक्क्यांनी लहान झाली. मधुमेहाच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, हे आकडे किती मोठे आहेत. या औषधाला, मेट्रेलेप्टिनला, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. सगळ्या अंगावरची चरबी गेलेल्या रुग्णांसाठीच ती आहे, आणि औषध इतके महाग आहे की आपल्यासारख्यांनी त्याची किंमत विचारायचीही नाही. तरी तो शोध वाया गेला असे मी म्हणणार नाही. आजाराचे मूळ कुठे आहे हे त्याने सिद्ध केले, आणि मूळ कळले की साध्या औषधांनी आणि जेवणाने काय साधता येईल तेही कळते.

पिंप बनतेच का नाही?

काही मुले जन्मतःच चरबीशिवाय येतात. ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये आणि नॉर्वेत सेइप यांनी १९५९ मध्ये अशा मुलांची नोंद केली. गाल बसलेले, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, दंड-पोटऱ्या पैलवानासारख्या, पोट मात्र पुढे आलेले आणि बेंबी बाहेर. पोट चरबीने सुटलेले नसते, आत लिव्हर वाढलेली असते. अशी मुले जगात फार थोडी आहेत, पण त्यांच्यामुळे चरबीचे सगळे गुपित उघडे पडले.

चरबीच्या एका कणाला एक दांडी आणि तिला जोडलेल्या तीन शेपट्या असतात. दुसरी शेपटी जोडण्याचे काम एजीपीएटी-२ नावाचे एन्झाइम करते. डॅलसमधले डॉ. अभिमन्यू गर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की काही मुलांमध्ये या एन्झाइमचे जनुकच बिघडलेले असते. कण पुरा होत नाही, पेशी भरत नाही. त्याच्या आदल्या वर्षी दुसरे जनुक सापडले होते. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला सेइप यांच्या नावावरून 'सेइपिन' म्हणतात. चरबीचा थेंब पेशीत जिथे आकार घेतो त्या जागेवर सेइपिन बसलेले असते. ते नसेल तर थेंब नीट धरत नाही. दोन्ही प्रकारांत एक बारीक फरक आहे. एजीपीएटी-२ च्या मुलांच्या तळहातांत, तळपायांत गादीसारखी थोडी चरबी शिल्लक असते, सेइपिनच्या मुलांत तीही नसते.

हा आजार मुलाला होण्यासाठी आई आणि बाप, दोघांकडूनही बिघडलेले जनुक यावे लागते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. नात्यातच लग्न झाले, मामाची मुलगी केली, तर एकच जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे अजून अशी लग्ने होतात, म्हणून हे सांगते आहे. आणि हेही सांगते की अशा मुलाचा दोष एकट्या आईच्या माथी मारायला कुठलेही शास्त्र पाठिंबा देत नाही.

दुसरा प्रकार वयात येताना दिसतो. लहानपणी मुलगी चारचौघींसारखी असते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास हातापायांची, कुल्ल्यांची चरबी जायला लागते, तोंड आणि मान मात्र भरते. हातांच्या शिरा दिसतात, स्नायू उठून दिसतात. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, पुढे साखर. तिला 'पुरुषी' म्हणून हिणवले जाते, लग्न जुळत नाही. मुलग्यांनाही हा आजार होतो, पण त्यांच्यात तो लपून राहतो. बाईत तो दिसतोही जास्त आणि त्रासही जास्त देतो. इथे आई किंवा बाप एकाकडून बिघडलेले जनुक आले तरी पुरते. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी ते शोधले. जनुकाचे नाव एलएमएनए. पेशीच्या मधोमध जे केंद्रक असते, त्याच्या आतल्या बाजूने लॅमिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. घराच्या कुडाला जशी कामट्यांची चौकट, तशी. त्या चौकटीतला एक मणी बदलला तर चरबीपेशी टिकत नाही.

'पा' सिनेमा आठवतो? २००९ मधला, अमिताभ बच्चनने बारा वर्षांच्या ऑरोचे काम केलेला. ऑरोला जो प्रोजेरिया असतो, तोही याच एलएमएनए जनुकाच्या बिघाडाने होतो, फक्त बिघाड वेगळ्या जागी. प्रोजेरियाच्या मुलांच्या कातडीखालची चरबीही जाते. एकाच जनुकात बोट एका ठिकाणी पडले तर अकाली म्हातारपण, दुसऱ्या ठिकाणी पडले तर बसलेले हातपाय. या जनुकाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

असे मूल घरात किंवा शेजारी असेल तर एक चूक हमखास होते. ते वाळलेले दिसते म्हणून आजी-आजोबा त्याला तूप, लोणी, साय, केळी असे भरवत सुटतात. प्रेमापोटीच, पण पिंप नसलेल्या घरात नळ मोठा करण्यातला हा प्रकार आहे. ते तूप गालावर येणार नाही, लिव्हरमध्ये जाईल. रक्तातली चरबी फार वाढली की स्वादुपिंडाला सूज येते. पोटात असह्य कळ येते, ती पाठीपर्यंत जाते, उलट्या होतात. अशा वेळी ओवा-हिंग करत बसू नये, थेट मोठे सरकारी रुग्णालय गाठावे. या मुलांना तेल-तूप कमी, साखर-गूळ कमी, डाळी-भाज्या-भाकरी मोजून, आणि खेळणे-धावणे भरपूर हवे. औषधांत मेटफॉर्मिन, गरज पडली तर इन्सुलिन आणि रक्तातली चरबी उतरवणाऱ्या गोळ्या.

मान आणि काखा काळ्या, मखमलीसारख्या जाड होणे ही आणखी एक खूण. इन्सुलिनचे काम अडले की रक्तात त्याचे प्रमाण वाढते आणि कातडीवर हा परिणाम दिसतो. तो मळ नव्हे. मी बायांना पोरींच्या माना वजरीने रक्त येईपर्यंत घासताना पाहिले आहे. आपल्या लेकरांना 'घाणेरडे' म्हणायला शाळेत लोक टपलेलेच असतात, त्यात घरच्यांनी भर घालू नये. मान घासायची नाही, साखर तपासायची.

मात्र एक इशारा. वस्तीत वाळलेले दिसणारे दहा जण घेतले तर त्यांच्या वाळण्यामागे टीबी, उपासमार, जुनी साखर किंवा दारू असण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यांत चरबीबरोबर स्नायूही झडतात, अशक्तपणा येतो. लिपोडिस्ट्रॉफीत स्नायू शाबूत असतात. वजन उतरत असेल, खोकला-ताप असेल तर आधी थुंकीची तपासणी.

चेहऱ्यावरून आजार ओळखला जायचा

आता तो प्रकार, जो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. २००४ नंतरची दहा-एक वर्षे आठवा. एचआयव्हीची औषधे घेणारी माणसे. वजन वाढले, कामावर जाऊ लागली, पण गाल खोल गेले, कानशिलाचे हाड वर आले, हातापायांच्या शिरा दिसू लागल्या, कुल्ले सपाट होऊन बाकावर बसताना हाड टोचू लागले. काहींचे पोट आणि मानेमागचा भाग वाढला. लोक चेहरा पाहून कुजबुजायचे. नवऱ्यापासून लागण झालेल्या, नवरा गेल्यानंतर धुणीभांडी करून मुले वाढवणाऱ्या बाया पदराने गाल झाकून एआरटी केंद्रावर यायच्या. काहींनी त्या चेहऱ्यापायीच औषधे सोडली. औषध सोडले की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला जुमानेनासा होतो. गालांच्या खड्ड्यांनी जीव घेतले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

लोक म्हणायचे, आजार वर आला. वर आलेला आजार नव्हता, तो औषधाचा परिणाम होता, आणि औषधाचे नाव स्टॅव्हुडीन.

१९९८ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टरांनी हे शरीर बदलणे पहिल्यांदा सविस्तर मांडले. तेव्हा संशय प्रोटिएज इनहिबिटर गटातल्या औषधांवर होता. पुढे कळले की चरबी झडण्याचा मोठा गुन्हेगार स्टॅव्हुडीन आहे, आणि काही प्रमाणात झिडोव्हुडीन. कसे, ते समजून घेऊ. एचआयव्ही आपली प्रत काढताना डीएनएची माळ ओवतो. स्टॅव्हुडीन हा त्या माळेतल्या मण्यासारखा दिसणारा खोटा मणी आहे. विषाणू तो ओवतो आणि त्याच्यापुढे दुसरा मणी बसत नाही, माळ तुटते. विषाणू फसतो, रुग्ण वाचतो. पण आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात, ज्या ऊर्जा तयार करतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याची प्रत काढणारे पॉलिमरेज गॅमा हे एन्झाइमही त्या खोट्या मण्याला फसते. भट्ट्या हळूहळू विझतात. गाल-हातपायांच्या चरबीपेशी त्यात मरतात. पायांना मुंग्या, रात्री तळव्यांची आग, हा त्रास याच कारणाने नसांना व्हायचा.

आणि प्रोटिएज गटाचे काय? तीही गोष्ट मनोरंजक आहे. विषाणूकडे एक कात्री असते, ती जाम करण्यासाठी ही औषधे आहेत. आपल्या शरीरातही तशा कात्र्या आहेत. त्यांतली एक, झेडएमपीएसटीई-२४, लॅमिन तयार होताना त्याचे टोक कापते. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवले की लोपिनाव्हिरसारखी काही औषधे ही कात्रीही अडवतात आणि अर्धवट लॅमिन पेशीत साचते. म्हणजे पुन्हा तेच एलएमएनए जनुक, तीच चौकट. जन्मजात आजार आणि औषधाचा दुष्परिणाम एका ठिकाणी येऊन भेटले. सगळा दोष त्या एका कात्रीला देता येत नाही, पण दुर्मीळ आजाराचा अभ्यास गरिबाच्या कामी येतो तो असा.

हे औषध आपल्याला का दिले, असा राग बऱ्याच जणांच्या मनात आहे. तो समजण्यासारखा आहे, पण पूर्ण चित्र पाहू. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांची तीन औषधांची जोडणी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होती, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्या जोडणीत स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापिन होते. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत एआरटी सुरू केली ती अशाच स्वस्त गोळ्यांच्या बळावर. त्या गोळ्या नसत्या तर हजारो घरांतली चूल विझली असती. माझी तक्रार वेगळी आहे. श्रीमंत देशांनी स्टॅव्हुडीन मागे टाकल्यानंतरही गरीब देशांत ते वर्षानुवर्षे दिले जात राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने थांबवा असे सांगितले ते २००९ च्या अखेरीस. स्वस्त आणि जुने ते गरिबांना, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे.

आता भारतातही स्टॅव्हुडीन गेले आहे. आजची नेहमीची पहिली गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची, दिवसातून एकदा. तिने गाल बसत नाहीत. उलट काहींचे वजन वाढते, म्हणून कंबर आणि साखर यांवर नजर ठेवावी. जुन्या रुग्णांची गेलेली चरबी औषध बदलल्यावर फार हळू आणि थोडीच परत येते. मेलेली पेशी जागी होत नाही. त्यांनी साखर, रक्तातली चरबी आणि लिव्हरची तपासणी वर्षातून एकदा मागून घ्यावी. गोळी मात्र एक दिवसही चुकवू नये. आणि चेहऱ्यावरून कुणाला कामावरून काढले, खोली खाली करायला लावली, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो भेदभाव बेकायदा ठरतो, हे घरमालकालाही ऐकवावे.

हडकुळ्या माणसाची साखर

एवढे दुर्मीळ आजाराचे पुराण आपल्याला कशाला, असे वाटत असेल तर पुण्याकडे या. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. बाळ किडकिडीत, आतून चरबीचे. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या नियतकालिकात शेजारी शेजारी छापला. उंचीच्या हिशोबाने दोघांचे वजन सारखे, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जनुकांतल्या अशा ५३ जागा दाखवल्या, जिथल्या बारीक फरकांमुळे मांड्या-कुल्ल्यांवर चरबी कमी साठते आणि साखरेचा धोका वाढतो. म्हणजे सौम्य लिपोडिस्ट्रॉफी साध्या माणसांतही थोडी थोडी असते. कुणाची पिंपे मोठी, कुणाची लहान. लहान पिंपवाल्याला थोडे जास्तीचे खाणेही पोटात, लिव्हरमध्ये सांडते. म्हणून "मी काय जाडा आहे का साखर व्हायला" असे म्हणणाऱ्या काटकुळ्या हमालाला, बिगाऱ्याला, घरकाम करणाऱ्या ताईलाही साखर होते. वजनकाटा इथे फसवतो, टेप जास्त खरे बोलतो. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर आणि बाईची ८० च्या वर असेल, किंवा घरात कुणाला साखर असेल, तर तिशीनंतर अंगाने बारीक असलात तरी रक्त तपासून घ्या.

सुईच्या जागेची गाठ

आज वस्तीत सर्वांत जास्त आढळणारी लिपोडिस्ट्रॉफी कुठली म्हणाल तर इन्सुलिन घेणाऱ्यांच्या पोटावरची गाठ. इन्सुलिन चरबीपेशींना वाढवते. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथल्या पेशी फुगून मऊ, रबरासारखी गाठ होते. पूर्वी गाई-डुकरांचे इन्सुलिन असायचे तेव्हा उलट खड्डे पडायचे, ते आता क्वचित दिसतात. गाठीत सुई दुखत नाही, म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात. तिथून इन्सुलिन रक्तात कधी लवकर, कधी उशिरा, कधी कमी जाते. पथ्य पाळूनही साखर वरखाली होते, घरचे म्हणतात चोरून गोड खाते, आणि डॉक्टर डोस वाढवतात. डॉक्टरांना पदर बाजूला करून जागा दाखवा, त्यांनी विचारले नाही तरी.

पोटाचे चार भाग समजा, आठवड्याला एक भाग. त्यातही कालच्या जागेपासून एक बोट अंतर सोडा. मांडीही वापरा. आंघोळीनंतर बोटांनी चाचपून पाहा, गाठ हाताला लागते, डोळ्याला दिसेलच असे नाही. एकच सुई बोथट होईपर्यंत वापरल्यानेही गाठी वाढतात. गाठ सापडली तर तिथे टोचणे बंद करा, काही महिन्यांत ती बहुधा ओसरते. पण जागा बदलताना डॉक्टरांना किंवा नर्सला सांगूनच बदला. चांगल्या जागेवरून तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. पहिले काही दिवस डोस कमी करावा लागतो, साखर जास्त वेळा तपासावी लागते, आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच घ्यायला तीन-चार चमचे साखर पुडीत बांधून जवळ ठेवावी लागते.